हस्तिदंती मुठीची जुनी युरोपीय शिकारी सुरी हाती आली तर…

जर्मनीतल्या आमच्या डार्मश्टाटच्या घरमालकीण आजींनी माळा आवरायला काढला आणि जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात ठेवली. त्यांचे आजोबा वनखात्यात होते, त्यांची शिकारी सुरी. "माझ्या मुलांना यात रस नाही, तुला जुन्या गोष्टी आवडतात, तू ठेव." दीड वीत लांबीचं पातं, पिवळसर पांढरी कोरीव मूठ. मुठीवर रानडुकराचा कान धरून लोंबकळणारा एक कुत्रा. मी इतकी हरखले की त्याच संध्याकाळी सांगलीला बाबांना फोटो पाठवला आणि दिवाळीला येताना घेऊन येते म्हणून सांगूनही टाकलं.

ती सुरी अजून डार्मश्टाटलाच आहे. का, ते पुढे येईलच. युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांना अशी वस्तू कुणी भेट देतं, कुणी जुन्या बाजारात उचलतं, आणि मग सगळे तेच तेच घोटाळे करतात. मीही केले. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

1. पहिला आठवडा: हात आवरा

आपल्याकडे जुनी वस्तू घरात आली की पहिलं काम म्हणजे चिंच, राख, नाहीतर खोबरेल तेल. मी मुठीला खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या पाठीवर पिवळा डाग बसला होता, तो आजही आहे. हस्तिदंत तेल पितो, आणि एकदा प्यायलेलं बाहेर काढता येत नाही.

पाण्याखाली धरू नका. हस्तिदंत ओल लागली की फुगतो, वाळला की आक्रसतो, आणि असं दोन-चारदा झालं की उभी चीर जाते. गरम पाणी तर त्याहून वाईट. आपल्या तलवारींच्या मुठी लाखेने बसवत, तशा इथल्या मुठी राळ आणि विटेची पूड एकत्र करून बसवत. ती राळ उष्णतेने मऊ पडते आणि शंभर वर्षं घट्ट बसलेली मूठ डुगडुगायला लागते.

पात्याला पॉलिश पेपर लावू नका. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच पात्यांवर आम्लाने कोरलेली शिकारीची चित्रं असतात, काहींवर निळसर झाक आणि सोन्याचा मुलामा असतो. तो थर इतका पातळ असतो की पाच मिनिटांच्या घासण्यात जातो, आणि सुरीची निम्मी किंमतही त्याबरोबर जाते.

2. जवळ काय हवं

फार काही नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, चांगली टॉर्च, शाळेतला कोनमापक, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, मऊ ब्रश, सुती हातमोजे. सपाट काचेचा स्कॅनर मिळाला तर उत्तम. नोटा तपासायचा अतिनील दिवा असेल तर घ्या, मुद्दाम विकत आणायची गरज नाही.

3. ही नक्की कोणती सुरी?

युरोपात शिकार हा दरबारी सोहळा होता आणि त्यात प्रत्येक कामाला वेगळं हत्यार होतं. हे कळलं नाही की आपण सगळ्यालाच "खंजीर" म्हणून मोकळे होतो. ही कट्यार नव्हे, बिचवाही नव्हे.

जर्मन भाषेत हिर्शफेंगर म्हणतात ती छोटी, सरळ तलवार असते. नावाचा शब्दशः अर्थ हरीण पकडणारा. कुत्र्यांनी अडवून धरलेल्या हरणाला किंवा डुकराला शेवटचा वार करायला ती वापरत. पुढे ती वनअधिकाऱ्यांच्या गणवेशाचा भाग झाली आणि मग मुठीवर ओकची सोनेरी फळं दिसायला लागली. फ्रेंच लोक याच जातीच्या हत्याराला कुतो द शास म्हणतात. वाइडब्लाट म्हणजे रुंद, जड, सत्तूरासारखं पातं, शिकार फोडायला. त्याच्याच म्यानात छोट्या सुऱ्या, काटा, टोच्या असा संच बसवलेला असला तर तो वाइडबेश्टेक. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा निकर छोटा असतो, जनावराच्या मानगुटीत एकच घाव घालायला. आणि गोल, बोथट टोकाचं रुंद पातं दिसलं तर ते बहुधा पंगतीत मांस वाढायचं, मारायचं नव्हे.

आजींच्या आजोबांची सुरी यांतल्या एकाही खणात नीट बसत नाही. पातं निकरपेक्षा मोठं, हिर्शफेंगरपेक्षा कितीतरी आखूड. असं होतं. गावोगावचे कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीने बनवायचे, आणि तुटलेल्या लांब पात्याची सुरी करून घेण्याचीही पद्धत होती. लेबल लावायची घाई नको.

4. मूठ खरंच हस्तिदंताची आहे का?

सगळं इथे ठरतं. मूठ हाडाची निघाली तर पुढचे अर्धे टप्पे तुमच्यासाठी नाहीतच.

आधी मुठीचं बूड बघा, म्हणजे तळहाताकडचं टोक. हस्तिदंत तिथे आडवा कापलेला असतो, आणि आडव्या कापावरच त्याची सही असते. टॉर्च तिरकी धरा, भिंग लावा. एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसेल, चटईच्या बारीक विणीसारखी. यांना श्रेगर रेषा म्हणतात. माझ्या सुरीच्या बुडाशी पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरलेलं टोक, ठोकून बसवलेली पितळी गुंडी आहे, तिच्याभोवती नखाएवढी जागा उघडी आहे. तेवढ्यात ती जाळी दिसली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलावर जवळजवळ आडवी झाले होते.

आता स्कॅनर. बूड काचेवर टेकवून मोठ्या रिझोल्यूशनमध्ये स्कॅन करा, छापा, आणि दाताच्या बाहेरच्या कडेजवळ रेघा जिथे छेदतात तिथले पाच-सहा कोन मोजून सरासरी काढा. 115 अंशांच्या वर असेल तर हत्ती. 90 च्या खाली असेल तर मॅमथ, म्हणजे बर्फातून निघालेला नामशेष प्राणी. मधला आकडा आला तर दोन्ही शक्य. बाहेरचीच कड घ्या. आतल्या भागात हत्तीचेही कोन लहान येतात आणि तिथेच लोक फसतात.

बुडावर चांदीची टोपी असेल तर मुठीच्या अंगावर, जिथे कोरीवकाम खोल आणि आडवं गेलंय तिथे शोधा. उभ्या बाजूला फक्त बारीक, किंचित नागमोडी रेघा दिसतात.

जाळी नसेल तर मग काय काय असू शकतं? हाडात बारीक काळपट ठिपके आणि तुटक रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. सांबरशिंगासारख्या हरणाच्या शिंगाला आतून सच्छिद्र गाभा असतो. वॉलरसच्या दातात आतला भाग साबुदाण्याच्या खिचडीसारखा गुठळ्यागुठळ्यांचा. पाणघोड्याच्या दातात अगदी जवळजवळ, एकाआत एक वर्तुळाकार रेघा. आणि 1870 च्या आसपास बाजारात आलेलं सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, तर हस्तिदंताची नक्कल करण्यासाठीच बनवत. त्याच्या रेघा समांतर, एकसारख्या, पट्टीने मारल्यासारख्या असतात. कधीही एकमेकींना छेदत नाहीत.

आजकालचा मोठा धोका कृत्रिम राळेच्या (रेझिनच्या) ओतीव मुठींचा आहे. खऱ्या जुन्या मुठीवरून साचा काढून ओततात, चहाच्या पाण्यात रंगवतात. साच्याची शिवण आणि सुईच्या टोकाएवढे बुडबुडे शोधा. खऱ्या मुठीवर वापराची झीज उंचवट्यांवर असते, मळ खाचांत. माझ्या कुत्र्याचं नाक सपाट झालंय, पण त्याच्या पंज्यांमधला प्रत्येक केस शाबूत आहे, कारण आजोबांचा अंगठा नाकावर पडायचा. नकली मुठीवर रंग सगळीकडे सारखा बसलेला असतो.

कुणी तापवलेली सुई टोचून बघा म्हणालं तर ऐकू नका. हस्तिदंताला कायमचा डाग पडतो, आणि मूठ सेल्युलॉइडची निघाली तर ते भसकन पेटतं.

5. वय कसं काढायचं

मालक सांगतो त्या वयातून पन्नास वर्षं वजा करून सुरुवात करा, असं मला एका जुन्या संग्राहकाने सांगितलं होतं. थोडं कडू आहे, पण उपयोगी पडतं.

पात्यावर 1414 असा आकडा दिसला तर उड्या मारू नका. ते साल नव्हे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या शिकारी पात्यांवर हा आकडा शुभचिन्हासारखा घालत. धावणारा लांडगा ही मूळची जर्मनीतल्या पासाउ शहराची खूण, पण पात्यांसाठी प्रसिद्ध झोलिंगेनच्या कारागिरांनी ती बिनदिक्कत उचलली. तलवारींसाठी प्रसिद्ध स्पॅनिश शहर टोलेडो किंवा इटालियन तलवारकार आंद्रेया फेरारा ही नावंही तशीच, गिऱ्हाइकाला भुलवायला कोरलेली. ब्रँडची चोरी काही आजची नाही.

भरवशाच्या खुणा बऱ्याचदा चांदीवर असतात. जर्मनीत घडवलेल्या चांदीवर चंद्रकोर आणि मुकुट असेल तर ती 1888 किंवा नंतरची. फ्रेंच चांदीवर शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा देवीचं डोकं असेल तर 1838 नंतरची. पात्यावर "मेड इन जर्मनी" असेल तर 1887 नंतरचं समजा, कारण त्या साली ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं.

कोरीवकामाचा विषय वयाबद्दल फार काही सांगत नाही. डुक्कर आणि कुत्रे, सिंह, शिकारीची देवी डायना, शिंगांमध्ये क्रूस असलेलं हरीण आणि त्यापुढे गुडघे टेकलेला शिकाऱ्यांचा संत हुबेर्टुस, हे सगळं अठराव्या शतकातही कोरत आणि एकोणिसाव्या शतकात जुन्या शैलीची हौस आली तेव्हाही. फ्रान्समधलं द्येप बंदर पश्चिम आफ्रिकेच्या व्यापारामुळे हस्तिदंताच्या कोरीवकामाचं केंद्र बनलं होतं. जर्मनीत ओडेनवाल्डमधल्या एर्बाखला काउंट फ्रांत्स पहिला याने 1783 मध्ये ही कला रुजवली. तिथल्या राजवाड्यात आज हस्तिदंताचं संग्रहालय आहे, डार्मश्टाटहून रेल्वेने जाता येतं. एक दुपार तिथे काढली आणि मला खऱ्या कारागिराचा हात कसा असतो ते कळलं. पात्यांसाठी झोलिंगेनचं क्लिंगेनम्युझेउम, म्हणजे पात्यांचं संग्रहालय, फ्रेंच शिकारी हत्यारांसाठी पॅरिसचं शिकार आणि निसर्ग संग्रहालय. खरेदीच्या आधी जा, नंतर नव्हे.

फार महागाच्या वस्तूसाठी रेडिओकार्बन चाचणी करतात. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 एकदम वाढला, त्यामुळे हत्ती त्याआधीचा की नंतरचा हे ओळखता येतं. घरगुती सुरीसाठी मी त्या फंदात पडले नाही.

6. कागद जमवा, आणि आजच जमवा

युरोपीय संघात हस्तिदंताच्या बाबतीत एक तारीख पाठ करा: 3 मार्च 1947. त्याआधी घडवलेली, तयार स्वरूपातली वस्तू "पुरातन" धरली जाते. पूर्वी अशी वस्तू संघातल्या संघात विकायला कागद लागत नसे. जानेवारी 2022 पासून नियम आवळले आणि आता विक्रीसाठी प्रमाणपत्र लागतं. जर्मनीत ते त्या-त्या राज्याने ठरवलेलं निसर्गसंरक्षण कार्यालय देतं. देशाबाहेर नेण्या-आणण्याची परवानगी बॉनच्या केंद्रीय कार्यालयाकडून, ज्याला सगळे बीएफएन म्हणतात.

नुसती घरात ठेवायला किंवा फुकट भेट घ्यायला हे प्रमाणपत्र लागत नाही. पण ती कायदेशीर मार्गाने आली हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर असते. देणारी व्यक्ती हयात आहे तोवरच हे सोपं असतं. मी आजींकडून हे घेतलं:

- त्यांच्या हस्ताक्षरातलं, सही-तारखेचं पत्र: वस्तू कुणाची, घरात कधीपासून, मला कधी आणि विनामूल्य दिली
- गणवेशातल्या आजोबांचा जुना फोटो, ज्यात कमरेला सुरी दिसते (हा मिळाला ते नशीब)
- घराच्या विम्याच्या जुन्या यादीची प्रत

माझ्या बाजूने मी जोडलं ते असं: दोन्ही बाजूंचे, बुडाचे आणि चांदीवरच्या शिक्क्यांचे फोटो, सगळ्यांत मोजपट्टी ठेवून, एकूण लांबी, पात्याची लांबी, वजन, बुडाचा स्कॅन. विकत घेणाऱ्यांनी पावतीवर "हस्तिदंत" हा शब्द आणि अंदाजे काळ लिहून घ्यावा. विक्रेता ते लिहायला तयार नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

7. सीमा ओलांडायचा विचार मनात आला की थांबा

बाबांसाठी सुरी बॅगेत भरली होती. निघायच्या दोन दिवस आधी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "त्याचा साइटिसचा कागद आहे ना?" मी तोपर्यंत हा शब्द ऐकला नव्हता. साइटिस हा 1975 पासून अमलात असलेला वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार. आशियाई हत्ती सुरुवातीपासून त्याच्या सर्वात कडक यादीत आहे, आफ्रिकन हत्ती 1990 मध्ये त्यात गेला. सुरी "आजोबांची" आहे, "भेट" आहे, "विकायची नाही", यातल्या एकाही वाक्याने विमानतळावर परवान्याचं काम होत नाही.

भारतात तर दारच बंद समजा. वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार थांबला, 1991 च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकन हस्तिदंताचाही. मॅमथचं म्हणून सुटका होईल असं वाटत असेल तर 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही हस्तिदंतच ठरवला आहे. शिवाय नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्र कायद्याखाली येतं, तो वेगळाच व्याप.

भारतातल्या घरात, एखाद्या जुन्या वाड्यात, अशी सुरी आधीपासूनच असेल तर तिचं मालकीचं प्रमाणपत्र शोधा. वारसाने आली असेल तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यावं लागतं. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. प्रमाणपत्र नसेल तर आधी वकील, मग बाकी सगळं.

ब्रिटनमधल्यांसाठी: तिथला हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा कायदा 6 जून 2022 पासून लागू आहे. 1947 पूर्वीच्या वस्तूला सूट मिळते, पण हस्तिदंत एकूण आकारमानाच्या 10 टक्क्यांहून कमी असेल तरच. कोरीव मुठीच्या सुरीत तो निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे ही सूट विसरा. उरतो तो 1918 पूर्वीच्या, असाधारण कलामूल्याच्या वस्तूंचा अरुंद रस्ता. दंड अडीच लाख पौंडांपर्यंत किंवा पाच वर्षं कैद. अमेरिकेत 2016 पासून हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी, आणि न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाचे आपापले कायदे त्यावर.

जर्मनीतच घराबाहेर नेताना सुद्धा भान ठेवा. 12 सेंटीमीटरहून लांब, न दुमडणारं पातं सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगता येत नाही. तज्ज्ञाला दाखवायला नेताना मी ती कुलूपबंद डब्यात नेली.

8. विकत घेताना

जुन्या बाजारात "हाड आहे हो" असं डोळा मारून सांगणारे भेटतील. हाड म्हणून विकली की कागद मागितला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. एका विक्रेत्याने माझ्यासमोर एकाच मुठीला गिऱ्हाइकागणिक हाड आणि हस्तिदंत दोन्ही म्हटलं. ऑनलाइन तीच गत. ईबेने 2009 पासून हस्तिदंताची विक्री बंद केली आहे, म्हणून तिथे ती टोपणनावांनी चालते. अशा ठिकाणी घेतलेली सुरी उद्या कायदेशीर विकता येणार नाही, आणि खोटी निघाली तर तक्रारही करता येणार नाही.

तुम्हाला नुसतं कोरीवकाम आवडत असेल तर हरणाच्या शिंगाच्या मुठी बघा. त्याही सुंदर असतात आणि हस्तिदंताचं झंझट नाही. मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याच गोळा केल्या असत्या.

9. जपायची कशी

हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्के, आणि मुख्य म्हणजे स्थिर. हीटरच्या वरचं फडताळ आणि बाथरूमलगतची भिंत, दोन्ही बाद. पूर्ण अंधारात हस्तिदंत पिवळा पडत जातो, थेट उन्हात तडकतो, तेव्हा काचेच्या कपाटात सौम्य उजेड बरा. धूळ मऊ ब्रशने, बाकी काही नको.

पात्याला संग्रहालयं वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, अगदी पातळ हात. लाल, भुरभुरीत गंज मुठीजवळ दिसला तर स्वतः खरवडू नका. मुठीच्या आत गेलेली शेपटी गंजून फुगते आणि हस्तिदंत आतून फोडते, ते काम धातू-संवर्धकाचं.

म्यान वेगळं ठेवा. चामड्यातली आम्लं पातं खातात आणि पितळेवर हिरवी कळा आणतात. गुंडाळायला आम्लरहित कागद किंवा धुतलेलं सुती कापड वापरा, आणि सुरी व म्यान एकत्र राहावं म्हणून रबरबँड अजिबात लावू नका. त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते, आणि हस्तिदंतावर उमटलेला तपकिरी पट्टा माझ्या खोबरेलच्या डागासारखाच जन्माचा राहतो.